होडीत येणारे पाणी : कोयना-कृष्णेच्या काठांवरील एक दुर्लक्षित हिशेब

सातारा जिल्ह्यातील बामणोली किंवा तापोळा येथील धक्क्यावर पहाटेच्या वेळी उभे राहिले, तर शिवसागर जलाशयाचे पाणी आरशासारखे स्थिर दिसते. पलीकडच्या गावी जाणारा शिक्षक, लसीची पेटी घेतलेली परिचारिका, बाजारहाटाला निघालेले गावकरी असे सगळे होडीत बसतात आणि पायाला पाण्याचा थेंबही न लागता पैलतीरी उतरतात. तीच मंडळी दुपारी परततात तेव्हा मात्र डोंगरातून वारा सुटलेला असतो, पाण्यावर आखूड, उभट लाटा उठलेल्या असतात आणि होडीचे पुढचे टोक लाटेवर आदळताच पाण्याचा सपकारा सर्वांच्या अंगावर येतो. नवखा माणूस चेहरा पुसतो आणि हसतो. नावाडी मात्र हसत नाही. त्याची नजर प्रवाशांच्या ओल्या कपड्यांकडे नसून होडीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याकडे असते.

होडीत उडणारे पाणी ही केवळ गैरसोय आहे, असा समज पाण्यापासून दूर राहणाऱ्यांत सर्वत्र आढळतो. वास्तविक ते होडीत चढणारे ओझे होय. शिवाय काठ आणि पाणी यांत किती अंतर उरले आहे, याची ती पहिली सूचनाही होय. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत वर्षभर जलाशयावर आणि पावसाळ्यात पूरग्रस्त भागात लहान होड्या वापराव्या लागतात. त्यांची व्यवस्था पुष्कळदा ग्रामपंचायतीकडे किंवा तालुक्याच्या अधिकाऱ्यांकडे येते. म्हणून या पाण्याचे गणित त्यांना माहीत असणे अगत्याचे आहे.

दोन पाणी, दोन स्वभाव

कोयना धरणामुळे निर्माण झालेला शिवसागर जलाशय सह्याद्रीच्या रांगांमधून सुमारे ५० किलोमीटर लांब पसरला आहे. जुन्या नदीच्या खोऱ्यातच पाणी अडल्यामुळे तो लांबीने मोठा व रुंदीने बेताचा आहे. दोन्ही अंगांना उंच डोंगर असल्याने वारा खोऱ्याच्या दिशेने वळतो आणि लांबच्या लांब पाण्यावरून वाहत येतो. लाट किती मोठी होणार, हे वाऱ्याच्या वेगाइतकेच तो किती अंतर मोकळ्या पाण्यावरून आला यावरही अवलंबून असते. आडव्या, अरुंद खाचेत पाणी शांत असते. तीच होडी सोळशीच्या फाट्यातून मुख्य जलाशयाच्या मोकळ्या पात्रात शिरली की तिला एकदम लाटांचा सामना करावा लागतो. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी खाली जाते, धक्का दूर राहतो, उतारावरचा चिखल उघडा पडतो आणि एरवी पाण्याखाली असलेले खुंट व खडक पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात. तेव्हा उथळ तळाच्या होडीखेरीज दुसरे वाहन काठाला लागतच नाही.

सांगली जिल्ह्यातील कृष्णेचा स्वभाव निराळा आहे. औदुंबर येथून पैलतीरी भुवनेश्वरीच्या दर्शनाला होडीने जाणारे भाविक ज्या नदीला ओळखतात, ती संथ वाहणारी नदी आहे. सांगलीच्या परिसरात पावसाळ्यात होणाऱ्या होड्यांच्या शर्यतींनी लोकांच्या मनात होडीविषयी जिव्हाळाही जागता ठेवला आहे. मात्र सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, की ही नदी ओळखू येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. अशा वेळी होडी नदीत चालत नाही. ती उसाच्या फडांवरून, रस्त्यांवरून, कुंपणांवरून व गल्ल्यांमधून चालते. पाणी कोठे मीटरभर, तर कोठे दोन पुरुष असते. उथळ जागी लाट तळाला अडखळून उभी राहते व फुटते. नदीला पावलोपावली वळणे असल्यामुळे एखाद्या टप्प्यात वारा प्रवाहाच्या समोरून येतो आणि तेथे लाटा अधिकच आखूड व उंच होतात. रस्ता पाण्याखाली जाऊन प्रवाह त्यावरून आडवा ओलांडत असेल, तर तेथील खळबळ अगदी जवळ गेल्याशिवाय ध्यानात येत नाही.

याच पुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, जेथे येरळा कृष्णेला मिळते, तेथे गावकऱ्यांना सुरक्षित स्थळी नेणारी होडी उलटली. स्त्रिया व मुले यांच्यासह अनेकांना प्राणास मुकावे लागले. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. पाणी वाढत असताना काठावर उभ्या असलेल्या माणसाला मागे ठेवून जाणे कोणत्याही नावाड्याला जड जाते, हे येथे विसरता कामा नये. म्हणूनच किती माणसे घ्यायची हा निर्णय त्या क्षणी, त्या काठावर घ्यावा लागू नये. तो आधीच झालेला असला पाहिजे.

तांब्याभर पाण्याचे गणित

एक साधी, सपाट तळाची लोखंडी होडी घेऊ. लांबी ६ मीटर, रुंदी दीड मीटर, तळापासून काठापर्यंतची उंची ४५ सेंटिमीटर. टोके निमुळती असल्यामुळे पाण्यावर टेकणारे तिचे क्षेत्र सुमारे साडेसात चौरस मीटर भरते. अशी होडी १ सेंटिमीटर खाली जाण्यास ७५ किलो वजन लागते. होडीचे स्वतःचे व यंत्राचे वजन ४०० किलो धरले, तर ती रिकामी असतानाच सुमारे ५ सेंटिमीटर पाण्यात बसते. त्यात सरासरी ६५ किलोंची २० माणसे बसली की आणखी १७ सेंटिमीटर खाली जाते. आता काठ पाण्याच्या वर जेमतेम २२ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर उरला. काठावरून पाहणाऱ्याला होडी अजूनही तरंगताना दिसते आणि 'आणखी दोघे बसतील' असे वाटते.

होडी निघाली. वारा समोरून आहे. दर तीन सेकंदांनी एक सपकारा येतो व त्यातले तांब्याभर, समजा एक लिटर, पाणी आत पडते. कोणाला त्याचे काही वाटत नाही. एका मिनिटात २० लिटर आणि अर्ध्या तासात ६०० लिटर पाणी आत आलेले असते. तळाशी ते १० सेंटिमीटर साचते, म्हणजे घोटे बुडतात इतकेच. मात्र ६०० लिटर पाण्याचे वजन ६०० किलो असते. नऊ जादा माणसे होडीत चढल्यासारखे ते आहे आणि होडी ८ सेंटिमीटर आणखी खाली गेली आहे. काठ आता १४ सेंटिमीटर वर आहे.

ही नऊ माणसे एका जागी बसत नाहीत, हे सर्वांत वाईट. होडी किंचित डावीकडे कलली की तळातले सारे पाणी डावीकडे धावते आणि कल वाढवते. दीड मीटर रुंदीची होडी १० अंशांनी कलली, तर एका बाजूचा काठ सुमारे १३ सेंटिमीटर खाली येतो. चौदातून तेरा गेले. या क्षणी घाबरून दोन माणसे उभी राहिली, तर पुढे काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

हा हिशेब एका कल्पित होडीचा आहे. प्रत्येक होडीचे आकडे वेगळे येतील, पण क्रम हाच राहील. हिशेबातील दिलासा असा, की पाच लिटरचा डबा मिनिटाला दहा वेळा रिता करणारा एक माणूस ५० लिटर पाणी बाहेर टाकतो, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याच्या अडीचपट. त्याने सुरुवातीपासून उपसले तर तळ कोरडा राहतो. घोटाभर पाणी साचल्यावर सुरुवात केली, तर तेच काम पुरे करण्यास त्याला वीस मिनिटे लागतात, आणि तीही त्याचा हात न थांबला तरच. म्हणून उपसण्याचा डबा होडीत आहे की नाही याबरोबरच तो कोणाच्या हातात आहे, हेही निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. प्लास्टिकच्या कॅनचे तोंड तिरके कापले की उत्तम उपसणी तयार होते. ती दोरीने बांधलेली नसेल, तर पहिल्याच हेलकाव्यात ती पाण्यावर तरंगत निघून जाते, हा अनुभव पुष्कळांचा आहे.

पाणी उडते का आणि कसे रोखावे

होडीचे पुढचे टोक पाणी बाजूला सारते. सारलेले पाणी पातळ पडद्यासारखे होडीच्या अंगाला चिकटून वर चढते, काठापाशी सुटते आणि वारा ते आत आणून टाकतो. उथळ पाण्यासाठी बांधलेल्या होडीचा तळ सपाट व पुढचे टोक बोथट असते. ती लाट कापत नाही, लाटेवर थापटते. उथळ पाण्यात चालण्याचा गुण आणि अंग भिजवण्याचा दोष एकाच घडणीतून आलेले आहेत. दोष पूर्ण जाणार नाही, कमी मात्र करता येतो.

सर्वांत स्वस्त उपाय वेग कमी करणे हा आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. लवकर पोहोचलो तर कमी भिजू, असे प्रवाशांना वाटते आणि ते नावाड्याला घाई करतात. प्रत्यक्षात वेग वाढला की प्रत्येक सपकाऱ्यातले पाणी वाढते. उथळ पाण्यात तर वेगाने जाणारी होडी मागच्या बाजूने खाली ओढली जाते आणि स्वतःच मोठी लाट उठवते. दुसरा उपाय दिशेचा. लाट सरळ समोरून न घेता थोडी तिरकी घेतली, तर आदळणे सौम्य होते. त्यामुळे वाट थोडी लांबते. मात्र लाट पूर्ण आडवी, होडीच्या कुशीवर घेणे सर्वथा टाळावे. ज्या तीराकडून वारा येत असेल, त्या तीराच्या आडोशाने जाणे हा जलाशयावर उपयोगी पडणारा मार्ग आहे. वारा तोच असला, तरी तेथे लाटेला वाढण्यास अंतरच मिळत नाही.

माणसे कोठे बसतात यावरही पुष्कळ अवलंबून असते. पुढे गर्दी झाली की टोक लाटेत घुसते. म्हणून वजन मध्यावर, किंचित मागे असावे. येथे एक चूक वारंवार होते. पुढे पाणी उडते म्हणून सारी मंडळी मागे सरकतात. यंत्र बसवलेल्या होडीची मागची फळी यंत्रासाठी खाली कापलेली असते, म्हणजे होडीचा सर्वांत ठेंगणा काठ तोच. यंत्राचे व माणसांचे वजन तेथे एकवटले, तर पुढून येणारे शिंतोडे टाळून मागून येणाऱ्या पाण्याला वाट करून दिल्यासारखे होते. वेगात असलेली होडी एकदम थांबवली, तर तिच्याच मागची लाट तिला गाठते व या ठेंगण्या फळीवरून आत येते. काठ जवळ आल्यावर वेग हळूहळू उतरवावा, तो याच कारणाने.

होडीच्या घडणीत करता येण्याजोग्या सुधारणा गावच्या सुताराच्या किंवा वेल्डिंगवाल्याच्या आवाक्यातील आहेत. पुढच्या टोकापासून होडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत, काठाच्या थोडे खाली, बाहेरच्या अंगाला दोन-तीन बोटे रुंदीची पट्टी बसवावी. तिची बाहेरची कड किंचित खाली झुकलेली असावी. अंगाला चिकटून चढणारे पाणी या पट्टीपाशी तुटते व बाहेर फेकले जाते. पुढच्या भागावर फळ्यांचे आच्छादन आणि त्यामागे एक आडवी, उभी फळी असली, तर टोकावरून आलेले पाणी तिला अडून बाजूंनी ओघळून जाते. तळावर फळ्यांची सुटी जाळी घातली, तर पाय कोरडे राहतात. मात्र ती उचलता आली पाहिजे, कारण खालचे पाणी दिसले नाही तर त्याचा विसर पडतो. काही ठिकाणी काठावर उभी फळी वाढवून उंची आणण्याचा प्रयत्न होतो. शिंतोडे अडवण्यास ती चांगली आहे. तिच्या भरवशावर जादा माणसे घेतली, तर ती नसलेली बरी.

ताडपत्रीविषयी सावधगिरी हवी. प्रवाशांच्या डोक्यावरून ताडपत्री ओढून ती चारी बाजूंनी बांधण्याची पद्धत सोयीची वाटते. पण होडी कलंडली तर त्याच ताडपत्रीखाली माणसे अडकतात, आणि वाऱ्यात ती शिडासारखी फुगून होडीला ढकलते. हातात धरलेली, क्षणात सोडता येणारी ताडपत्रीच योग्य होय.

काहिलीपासून रबरी होडीपर्यंत

ऊस व गूळ यांच्या या प्रदेशात गूळ करण्याची काहील पुराच्या वेळी होडी म्हणून वापरली जाते. ती गोल असल्यामुळे तिला पुढचे टोकच नसते. वल्हे मारले की ती स्वतःभोवती फिरते आणि वाऱ्यावर कोणतीही बाजू लाटेसमोर येते. दोन घरांमधल्या साचलेल्या पाण्यात तिने लोकांची अडचण भागवली आहे हे खरे. वाहत्या पाण्यात आणि वाऱ्यात मात्र तिच्यावर भरवसा ठेवणे धोक्याचे आहे.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके ज्या हवेने फुगवलेल्या रबरी होड्या आणतात, त्यांच्या कडेच्या जाड नळ्या पाणी बरेच अडवतात आणि आत पाणी भरले तरी त्या तरंगत राहतात. त्यांच्या मागच्या फळीत निचऱ्याची झडप असल्यास, होडी चालू असताना आतले पाणी आपोआप बाहेर जाते. होडी थांबल्यावर मात्र ती झडप बंद करावी लागते. उसाच्या फडावरून जाताना यंत्राच्या पंख्यात पाचट किंवा तार अडकणे हा या भागातील खास धोका होय. यंत्र बंद पडले की होडी आडवी फिरते आणि लाट कुशीवर येते. त्यामुळे यंत्र असलेल्या होडीतही दोन वल्ही व एक लांब बांबू हवाच. वीजवाहिन्या पाण्यापासून किती उंच उरल्या आहेत, हे पाहूनच तो बांबू उभा करावा.

अंगावरचे व हातातले

पावसाळी प्रवासात घोंगडी किंवा जाड रेनकोट घेऊन बसणे स्वाभाविक आहे. भिजलेली घोंगडी पाण्यात माणसाला जखडून टाकते. ती पांघरावी, गुंडाळून बांधू नये. तरंगण्याचे जाकीट रेनकोटच्या वरून घालावे, आतून नव्हे, आणि त्याचे पट्टे लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांनी स्वतः तपासावेत. बसण्यासाठी किंवा डोक्यावर धरण्यासाठी जाकीट वापरलेले पुष्कळदा दिसते. ओले झालेले मूल लवकर गारठते, याकरिता सुके कापड एका घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवावे.

शाळेची कागदपत्रे, शिधापत्रिका, औषधे, मतदानाचे साहित्य अशा वस्तू होडीच्या तळावर ठेवू नयेत. घट्ट झाकणाचा दुधाचा कॅन हे या दोन्ही जिल्ह्यांत कोठेही मिळणारे उत्तम जलरोधक भांडे आहे. रिकामे किंवा अर्धे भरलेले असे कॅन दोरीने होडीला बांधले, तर प्रसंगी तेच धरून तरंगताही येते.

पावसाळ्यापूर्वीची एक सकाळ

अंतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी १९१७ सालापासून चालत आलेला कायदा जाऊन २०२१ साली नवा अंतर्देशीय नौका अधिनियम झाला. यंत्रावर चालणाऱ्या नौकांची तपासणी व नोंदणी त्यात सांगितली आहे. यंत्राविना चालणाऱ्या नौकांचाही विचार त्यात असून त्यांची मूलभूत माहिती जिल्हा, तालुका व गाव पातळीवर ठेवली जावी, ही भूमिका त्यामागे आहे. आपल्या गावात किती होड्या आहेत, त्या कोणाच्या आहेत आणि कोणती किती माणसे नेऊ शकते, याची एक वही ग्रामपंचायतीत असणे त्या दृष्टीने उपयुक्त ठरेल.

क्षमता ठरवण्याची रीत अवघड नाही. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसोल याच्या दीर्घ आग्रहानंतर १८७६ मध्ये मालवाहू जहाजांच्या अंगावर भाररेषा रंगवणे कायद्याने बंधनकारक झाले. जहाज कोठवर बुडवायचे याची ती खूण होती. तीच युक्ती गावच्या होडीला लागू करता येते. मे महिन्यातील एखाद्या शांत सकाळी होडी यंत्रासह कमरेइतक्या पाण्यात उभी करावी. वाळूची ५० किलोंची पोती एकेक करून सारख्या अंतरावर भरत जावीत. वर सांगितलेल्या होडीचा हिशेब पाहता, शांत पाण्यात काठ निदान फूटभर वर राहील तेथे थांबणे शहाणपणाचे. पाणी जेथे टेकले असेल तेथे दोन्ही बाजूंना पांढऱ्या तैलरंगाने रेषा ओढावी. भरलेल्या पोत्यांच्या एकूण वजनाला ६५ ने भागले की माणसांचा आकडा मिळतो. त्यातून नावाडी व उपसणारा हे दोघे वजा करावेत. उरलेला आकडा वीतभर उंचीच्या अक्षरांत होडीच्या बाहेरच्या अंगावर लिहावा, म्हणजे काठावर उभे असलेल्यांनाही तो वाचता येईल. वर गणितासाठी घेतलेल्या होडीचा असा आकडा आठ निघतो. वीस माणसे बसवलेली तीच होडी काठावरून पाहताना तरंगत होती.